चैत्राच्या तोंडावर कळसूबाई : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी घरातल्या चौघांनी कळसूबाईला जायचे ठरवले आहे. मी आणि पत्नी चाळिशीतले आहोत, मुलगी दहा वर्षांची आहे आणि आई चौसष्ट वर्षांची. आईचा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो, पण ती रोज तासभर चालते आणि देवीचे दर्शन शिखरावर जाऊनच घ्यायचे, असा तिचा आग्रह आहे. ओळखीचे लोक म्हणतात की कळसूबाई पावसाळ्यातच करावी, आता तिथे उन्हाशिवाय काही नाही. पहाटे ठाण्याहून निघून रात्री परतण्याचा बेत योग्य आहे का? आईला न्यावे का?
एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर जा, मात्र बेतातली निघण्याची वेळ बदला. पहाटे सहाला ठाणे सोडले तरी कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी मागे टाकून बारी गावात पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात, गाडी लावून चहा-नाश्ता उरकेपर्यंत दहा वाजतात, आणि मग मुलीच्या आणि आईंच्या चालीने धरले तर लोखंडी शिड्यांपाशी तुम्ही नेमके भर उन्हात असता. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे आणि त्यातला सुमारे साडेआठशे मीटरचा चढ बारीपासून आपल्या पायांनी चढावा लागतो. सवय असलेल्या माणसाला त्याला तीन तास पुरतात. तुमच्यासारख्या कुटुंबाने चार तास धरावेत. हा चढ बाराही महिने तेवढाच असतो. फाल्गुन-चैत्रात तो जड जातो तो उन्हामुळे, आणि उन्हाची वेळ चुकवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे, म्हणून माझ्या मते या दिवसांतल्या कळसूबाईचा निम्मा निकाल पायथ्यालाच लागतो.

शुक्रवारी रात्रीच बारीत मुक्कामाला जा. गावात काही घरी जेवणाची आणि अंथरुणाची सोय होते. आधी बोलणे करून ठेवले म्हणजे रात्री उशिरा पोहोचलात तरी गरम पिठले-भाकरी मिळते. पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात चालू लागा. सुरुवातीची वाट भातखाचरांच्या कडेने आणि झाडांमधून जाते, ती मळलेली आहे आणि अंधारातही चुकत नाही. मार्चच्या उत्तरार्धात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिली शिडी येते तेव्हा नीट फटफटलेले असते. मुलीला आणि आईंना शिडीवर अंधारात पाय शोधायला लावू नये, हा या हिशेबातला महत्त्वाचा भाग आहे. नऊपर्यंत माथ्यावर पोहोचा, पाऊण तास थांबा आणि एकच्या आत पुन्हा बारीत उतरा. साडेनऊ वाजले आणि शिखर अजून वर दिसते आहे, असे झाले तर तिथूनच मागे फिरा, आणि हे घरून निघतानाच चौघांनी ठरवून ठेवा, कारण शिखर डोळ्यांसमोर असताना असा निर्णय कोणालाच घेववत नाही.

इतक्या काटेकोरपणे सांगण्याचे कारण वाटेच्या ठेवणीत आहे. बारीकडची वाट शिखराच्या पूर्वेच्या अंगाने चढते, त्यामुळे सूर्य वर आला की ऊन थेट अंगावर येते. खालची झाडे संपल्यावर सावली फार थोडी मिळते. पायाखाली काळा बेसाल्ट आहे आणि तो अकरापर्यंत तव्यासारखा तापतो. शिड्यांचे कठडे तर त्याही आधी हाताला चटका देऊ लागतात, आणि ज्या कठड्याला घट्ट धरायचे तोच धरवत नाही, अशी उतरताना पंचाईत होते. माथ्यावर हवा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी थंड असते, कारण दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पण हा गारवा फसवा आहे. वाऱ्याने घाम जागच्या जागी सुकतो, अंग कोरडे लागते आणि शरीरातले किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही.

हे मी पाहिलेले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी चैत्रात आम्ही सहा जण गाडीच्या बिघाडामुळे उशिरा पोहोचलो आणि आता आलोच आहोत तर जाऊ, असे म्हणून साडेनऊला चढू लागलो. शेवटच्या शिडीच्या खाली, साडेबाराच्या सुमारास, आमच्यातला सर्वांत दणकट गडी एकाएकी गप्प झाला. विचारले तर उत्तर भलतेच देऊ लागला आणि मग दोन्ही हातांत डोके धरून खाली बसला. तिथे एका आजींनी सरबताच्या टपरीवर ताडपत्री बांधलेली होती. तिच्या सावलीत त्याला आडवे केले, कपडे सैल केले, पंचा भिजवून मानेवर आणि काखेत ठेवला आणि दोघांनी टोप्यांनी वारा घातला. तो भानावर आल्यावर आजींनी मीठ घातलेले ताक घोटघोट पाजले. चार वाजता ऊन कलल्यावर आम्ही त्याला मध्ये घेऊन उतरवले. रात्री त्याची पाठपिशवी रिकामी करताना पाण्याच्या दोन बाटल्या निघाल्या, दोन्हींची झाकणे न उघडलेली. पाणी जवळ नव्हते असे नाही, ते प्यायलेले नव्हते. तेव्हापासून मी बरोबरच्या माणसांना पाणी किती आणले हे विचारत नाही, किती उरले ते दर अर्ध्या तासाने विचारतो.

तुम्ही मोठ्यांनी माणशी तीन लिटर आणि मुलीसाठी दोन लिटर पाणी घ्या, त्यातल्या एकेका बाटलीत ओआरएसची पूड मिसळून ठेवा आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट प्या. शनिवार-रविवारी वाटेवर लिंबू सरबत, ताक आणि काकडी विकणाऱ्या टपऱ्या लागतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, कारण तेवढे ओझे गावातल्याच कोणीतरी पाठीवरून वर आणलेले असते, मात्र त्यांच्या भरवशावर आपली बाटली अर्धी ठेवू नका. शिखराखाली विहीर आहे. चैत्रात तिच्या पाण्यावर मदार ठेवू नये आणि त्यात हातपाय धुऊ नयेत. पायथ्याच्या वाड्यांना या दिवसांत पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेव्हा आपले पाणी आपण न्यावे हेच रास्त. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसले की चढ तिथेच थांबवा. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, अंग भिजवून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

आता आईंविषयी. ज्यांचा गुडघा दुखतो ते चढाला भितात, पण गुडघ्याचे खरे हाल उतारावर होतात. चढताना मांडीचे स्नायू काम करतात, उतरताना प्रत्येक पावलाला अंगाचा भार गुडघ्यावर आदळतो, त्यातून या दिवसांत वाटेवर कोरड्या मुरमाचा घसारा झालेला असतो आणि पाय सटकू नये म्हणून माणूस गुडघा आखडून चालतो. आईंना दोन्ही हातांत काठ्या द्या, उतरताना त्यांच्या पुढे तुम्ही राहा आणि शिडी त्यांना शिडीकडे तोंड करून, घरातल्या माळ्यावरून उतरतात तशी उतरू द्या. जाण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना गुडघा दाखवा. नंतर घराजवळच्या एखाद्या चार-पाच मजली इमारतीचा जिना सलग दहा वेळा चढून उतरायला लावा आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजतो का ते पाहा. सुजला, तर यंदा शिखर नको. पायथ्याशी देवीचे दुसरे देऊळ आहे आणि ज्यांना वर जाणे झेपत नाही ती गावातली म्हातारी माणसे तिथेच दर्शन घेतात. तेव्हा आईंचे दर्शन चुकणार नाही, असे त्यांना निःशंक सांगा.

राहता राहिले पावसाळ्याचे. पावसाळ्यातली कळसूबाई सुंदर असते, यात शंका नाही, पण सुटीच्या दिवशी शिड्यांखाली रांग लागते, खडक निसरडा होतो आणि माथ्यावर बहुतेक वेळा धुक्यापलीकडे काही दिसत नाही. डोंगराची हाडे पाहायची तर आताच जावे. गवत वाळून बसलेले असते, झाडांची पाने झडलेली असतात, आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे उघडे दिसतात : उभा कातळ, मग आडवी पट्टी, पुन्हा उभा कातळ. आपली वाट या थरांवरूनच वर जाते आणि जिथे उभा कातळ आडवा येतो तिथे शिडी लावलेली आहे. हे ध्यानात आले की चढाची लय आपोआप कळू लागते. मुलीला हे थर मोजायला सांगा. मुले मोजण्यात रमली की किती राहिले, असे विचारत नाहीत.

माथ्यावरून पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग ही दुर्गांची ओळ, दक्षिणेला रतनगड आणि त्याचा खुट्टा, आणखी मागे हरिश्चंद्रगड, पूर्वेकडे बितनगड, पट्टा आणि औंढा असा पट पसरलेला असतो. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेल्या विल्सन धरणाचा भंडारदरा जलाशय आता आटत आलेला असतो आणि पाण्याच्या कडेने उघड्या मातीचा तांबूस पट्टा दिसतो. दिवाळीच्या सुमारासची स्वच्छ हवा मात्र आता मिळणार नाही. दहानंतर क्षितिज धुरकट होते आणि दूरचे गड विरत जातात. लवकर पोहोचण्याचा हाही एक लाभ.

प्रश्न : मला झाडांची आवड आहे. मार्च-एप्रिलमध्ये कळसूबाईचा डोंगर करपलेला दिसतो असे ऐकले. वनस्पतींसाठी म्हणून जावे, असे तिथे काही असते का?
एक वाचक, पुणे

उत्तर : लांबून डोंगर करपलेला दिसतो, हे खरे आहे. पण आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात वसंत हिरवळीने येत नाही, तो निष्पर्ण फांद्यांवर रंगाने येतो, म्हणून तो शोधायला जवळ जावे लागते. घोटी सोडल्यावर रस्त्याच्या कडेलाच पळस भेटेल. गाडी थांबवून त्याचे एक गळलेले फूल तळहातावर घ्या. देठाशी काळसर, मखमली पेला, त्यातून निघालेल्या केशरी पाकळ्या आणि त्यांतली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. झाडावर पाहाल तर साळुंक्या, बुलबुल आणि शिंजीर या फुलांतला रस पिण्यासाठी भांडत असतात. पांगारा आणि काटेसावर यांचा बहर तोवर ओसरत आलेला असतो, पण थोडी फुले मागे रेंगाळलेली सापडतात.

माझे स्वतःचे सर्वांत आवडते झाड कोशिंब. मार्चमध्ये त्याला जी कोवळी पालवी फुटते ती इतकी लाल असते की नवख्या माणसाला ती फुलेच वाटतात. सकाळच्या तिरप्या उन्हात पानाआडून पाहिले तर शिरा मोजता येतात. वाटेवरच्या झुडपांमधून गोड वास आला तर करवंद फुललेले आहे असे समजावे. त्याची फुले पांढरीशुभ्र आणि चांदणीसारखी असतात. काळी करवंदे खायला मात्र मे उजाडावा लागतो. मोह पाहायचा असेल तर सूर्योदयाच्या वेळी खालच्या गावांजवळ थांबा. त्याची मांसल, फिकट फुले पहाटे टपटप गळतात आणि बायका-मुले टोपल्या घेऊन ती वेचतात. ती त्यांची वर्षाची बेगमी असते, तेव्हा आपण एखादे चाखून पाहावे, पिशवी भरू नये. वर उतारांवर पानांशिवाय उभ्या असलेल्या काटक्यांचे दाट रान दिसते ते कारवीचे. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे सर्वांना ठाऊक असते. तिच्याच काठ्यांचे कूड बांधून, त्यावर शेणमाती लिंपून इथल्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या, हे बारीतल्या एखाद्या जुन्या घरापुढे उभे राहिले की दिसते.

झाडांखेरीज कान उघडे ठेवा. तांबटाचे टुक-टुक दिवसभर चालू असते, आणि एप्रिल लागला की पावशा ओरडू लागतो. त्याच्या ओरडण्यात शेतकऱ्याला ‘पेरते व्हा’ ऐकू येते.

प्रश्न : गेल्या वर्षी वाटेत एकाने अंगावर अत्तराचा फवारा मारल्यावर आमच्या वाटाड्याने त्याला मोहोळ उठेल म्हणून रागावले. ही भीती खरी आहे का?
एक वाचिका, नाशिक

उत्तर : पूर्णपणे खरी आहे आणि वाटाड्याचे आभार मानावेत. आग्या मोहोळाच्या माश्या कड्यांच्या कपारींत उघड्यावर पोळी लटकवतात, आणि फुलोऱ्याच्या या दिवसांत ती भरलेली असतात. धूर, उग्र वास, दगड लागणे किंवा मोठा गलका यांनी मोहोळ उठू शकते. उठलेच तर हात झाडू नका. ओढणीने किंवा टोपीने डोके व चेहरा झाका आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर तिथून दूर जा. माशीने काटा टोचला की त्याच्या वासाने इतर माश्या तिथेच येतात, म्हणून एका जागी थांबून काटे काढत बसू नये. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर मात्र क्षणभरही न दवडता नखाने खरवडून ते काढावेत. चेहरा सुजू लागला किंवा श्वास कोंडू लागला तर तो माणूस ताबडतोब डॉक्टरांकडे गेला पाहिजे. शिडीवर असताना मोहोळ उठले तर दुसरा काहीच इलाज नसतो, म्हणून शिड्यांच्या आसपास शांतता राखा आणि कोणाला गाणी वाजवू देऊ नका.

प्रश्न : फाल्गुनात कळसूबाईवरून उतरताना खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी धूर दिसला. आम्ही घाबरून धावतच खाली आलो, तर गावकरी म्हणाले की काही झालेले नाही. खरा वणवा ओळखायचा कसा आणि तेव्हा काय करायचे?
एक वाचक, संगमनेर

उत्तर : तुम्ही पाहिलेला धूर बहुधा राब भाजण्याचा असावा. भाताचे रोप ज्या तुकड्यात करायचे त्यावर पालापाचोळा, काटक्या आणि शेण पसरून, वर मातीचा थर देऊन पावसाळ्यापूर्वी तो भाजतात. हा धूर शेताच्या तुकड्यावरच राहतो आणि जवळ माणसे उभी असतात. गवताळ उतारावरून पट्ट्यासारखा सरकणारा, पुढे ज्वाळा आणि मागे काळी जमीन सोडणारा धूर हा वणवा. त्याच्याविषयी एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा : आग चढावर झपाट्याने जाते, कारण तिची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. त्यामुळे खालून आग येताना वर पळणे सर्वांत घातक. आडवे सरका आणि उघडा कातळ, नांगरलेले खाचर किंवा आधीच जळून गेलेला भाग गाठा. तोंडावर ओले फडके धरा. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि गावात सांगा. झावळ्या-फांद्यांनी झोडपून आग विझवणे हे गावकऱ्यांचे सरावाचे काम आहे. अनुभव नसताना त्यात उतरू नये.

इथे मला थोडे कठोर बोलावे लागते. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, आणि अभयारण्यात आग लावणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. तरीही चहासाठी पेटवलेली चूल, शेकोटीची हौस आणि वाटेवर टाकलेली विडी-सिगारेट यांचे अवशेष मला दर फेरीत दिसतात. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, गोगलगायी आणि पावसाची वाट पाहत पडून असलेले बी यांना तिथून पळता येत नाही, आणि गुरांच्या पुढच्या दोन महिन्यांच्या वैरणीची राख होते ती पायथ्याच्या घरांची. गरम काही हवे असेल तर थर्मासमध्ये न्या. बरोबरचा कोणी विडी पेटवू लागला तर त्याला हाताला धरून थांबवा.

प्रश्न : कळसूबाई ही देवी कोण? आजी सांगत असे की ती कोणाकडे तरी कामाला होती.
एक वाचिका, अकोले

उत्तर : आजींनी सांगितले ते बरोबर आहे. १८८४ सालच्या अहमदनगर गॅझेटियरमध्ये ही कथा नोंदवलेली आहे. कळसू नावाची रानावनात रमणारी कोळ्याची मुलगी पायथ्याच्या इंदोर गावी एका कोळी कुटुंबात कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, ही तिची अट होती. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने निमूटपणे ती केली, डोंगर चढून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ आणि जिथे केर काढला तिला काळदरा म्हणतात, असेही त्या नोंदीत आहे. नवरात्रात तिच्या माथ्यावरच्या लहानशा देवळात मोठी गर्दी लोटते. चैत्रात सकाळी गेलात तर गाभाऱ्यापुढे निवांत बसायला मिळते. दोन-तीन माणसांपेक्षा जास्त आत मावत नाहीत, तेव्हा दर्शन झाले की मागच्यासाठी जागा करून द्यावी.